बडोद्याचे प्रोफेसर गज्जर: रंगाऱ्याचा हरडा आणि सुताराचा स्क्रू

सुरत, अहमदाबाद, बडोदा, गुजरातेतल्या कुठल्याही गावात जा, लाकडाच्या वखारीवर किंवा फर्निचरच्या दुकानावर गज्जर नावाची पाटी दिसतेच. मूळ शब्द गजधर. मोजमापाचा गज ज्याच्या हातात तो गजधर, म्हणजे कामावरचा मुख्य कारागीर. आपल्याकडे सुतार, तिकडे सुथार, आणि त्यांच्यातलंच हे गज्जर आडनाव. याच समाजात जन्मलेल्या एका माणसाने १८९० मध्ये बडोद्यात अशी संस्था उभी केली, जिथे हाताने काम करणाऱ्याला कामामागचं शास्त्र शिकवलं जाणार होतं, आणि तेही त्याच्याच भाषेत.

त्यांचं नाव त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. बडोद्याचं कलाभवन ही त्यांची कल्पना. पुढे अलेंबिक ही औषध कंपनी काढणाऱ्या तिघांमध्येही ते होते. गुजरातेत त्यांचं नाव आदराने घेतात. आपल्याकडे मात्र सयाजीराव महाराजांच्या चरित्रात ते येतात आणि लगेच बाजूला पडतात. नवापूरच्या ज्या रेल्वे स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, तिथून गाडी पकडून सुरत-बडोद्याकडे कामाला जाणाऱ्या आपल्या मिस्त्री लोकांना तर हा माणूस माहीत असायलाच हवा. कारण त्यांची सारी खटपट अशाच लोकांसाठी होती.

सुरतचं घर

त्रिभुवनदासांचा जन्म १८६३ चा, सुरतेतला. वडील कल्याणदास बांधकामातले जाणकार इंजिनीअर होते आणि जुन्या शिल्पशास्त्राचा त्यांचा अभ्यास होता. घरात लाकडाचा व्यापारही होता. म्हणजे एकाच घरात एकीकडे वखार आणि दुसरीकडे ग्रंथ. त्या काळात हा योग दुर्मीळच. ज्याच्या हातात करवत त्याच्या हातात पुस्तक नाही आणि ज्याच्या हातात पुस्तक त्याने करवतीला हात लावायचा नाही, अशीच एकूण रीत होती. कारागीर बापाकडून पोराकडे हुन्नर जायचा, पण तो हातातून हातात. एखादी गोष्ट अशीच का करायची, हे विचारायची सोय नव्हती आणि सांगणाराही कुणी नव्हता.

सुरतेतलं शिक्षण आटोपून त्रिभुवनदास मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. तिथे त्यांनी रसायनशास्त्र घेतलं. त्या वेळच्या पदवीधराला सरकारी नोकरी म्हणजे जन्माची भाकरी. यांच्या डोक्यात मात्र कारागिरांसाठी तंत्रशिक्षणाची संस्था काढायचं होतं. १८८६ मध्ये ते बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि तिथे या विचाराला वाट मिळाली.

महाराज आणि प्रोफेसर

सयाजीराव महाराज आणि गज्जर दोघंही एकाच वर्षी जन्मलेले. महाराज मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले गोपाळराव. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि १८८१ च्या शेवटी राज्याचा पूर्ण कारभार त्यांच्या हाती आला. गज्जर बडोद्यात आले तेव्हा दोघंही तेविशीत होते. एकाकडे खजिना आणि अधिकार, दुसऱ्याकडे योजना. महाराजांना आपल्या राज्यात उद्योग हवे होते. गज्जरांचं म्हणणं असं की उद्योग नुसत्या यंत्रांनी येत नाहीत, यंत्रापुढे उभा राहणारा माणूस आधी तयार व्हावा लागतो.

गज्जरांच्या नजरेसमोर जर्मनी होतं. तिथे विद्यापीठातलं रसायनशास्त्र सरळ कारखान्यात उतरत होतं आणि त्याची झळ थेट आपल्या रंगाऱ्यांना लागत होती.

रंगाऱ्यांची अडचण

आपल्याकडे लाल रंग मंजिष्ठा आणि आल या झाडांच्या मुळांपासून काढत. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांत जे रंगद्रव्य असतं, ते १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवलं. थोड्याच वर्षांत त्याचे डबे इथल्या बाजारात आले. स्वस्त आणि भडक. पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं मूठ-चिमटीचं माप या डब्यांना लागू पडेना. किती पाणी, किती ऊन, कुठला क्षार, किती वेळ, हे चुकलं की कापडाचा सत्यानाश. रंगारी कुशल होता, पण नव्या मालाचं कारण त्याला ठाऊक नव्हतं.

गज्जरांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेचा उपयोग रंगाईसाठी सुरू केला. रंगरहस्य नावाचं गुजराती त्रैमासिकही काढलं. त्यात कारागिराला समजेल अशा भाषेत रंगाईमागची रसायनं मांडलेली असत.

इथे एक उदाहरण घेऊ, म्हणजे त्यांचा रोख कळेल. काळा रंग करायचा तर जुना रंगारी कापड आधी हरड्याच्या पाण्यात बुडवतो आणि मग लोखंडाचा गंज आणि गूळ यांच्या आंबवलेल्या पाण्यात टाकतो. कापड काळं होतं. का? हरड्यात टॅनिन असतं, त्याचा लोखंडाशी संयोग झाला की पाण्यात न विरघळणारा काळा पदार्थ बनतो आणि धाग्यात अडकून बसतो. आता सुताराकडे या. बाभळीच्या ओलसर लाकडात साधा लोखंडी खिळा किंवा स्क्रू ठोकला, तर काही दिवसांनी त्याच्या भोवती काळं वर्तुळ उमटतं. मिस्त्री म्हणतो, लाकूड खराब निघालं. लाकूड खराब नसतं. बाभळीतही भरपूर टॅनिन असतं आणि रंगाऱ्याच्या हौदात जे मुद्दाम घडवतात, तेच इथे आपोआप घडलेलं असतं. हे एकदा कळलं की उपायही कळतो: लाकूड नीट वाळलेलं घ्या, आणि जिथे ओल लागणार तिथे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू वापरा. एक कारण समजलं तर दोन धंदे सुधारतात. गज्जरांना हवं होतं ते हेच.

पन्नास हजारांची पुस्तकं

पण हे शिकवायचं कुठल्या भाषेत? इंग्रजी शाळेत न गेलेल्या कारागिराला इंग्रजी पुस्तक देऊन उपयोग शून्य. आणि गुजराती-मराठीत तर अशी पुस्तकंच नव्हती. शब्दच नव्हते. गज्जरांनी महाराजांपुढे योजना ठेवली आणि १८८८ मध्ये महाराजांनी मातृभाषेतल्या शास्त्रीय पुस्तकांसाठी पन्नास हजार रुपये मंजूर केले. त्या काळात ही रक्कम किती मोठी, हे आजच्या हिशेबाने सांगणं अवघड. आणि तो पैसा महालाला किंवा हत्तीच्या अंबारीला गेला नाही, रसायन आणि यंत्र समजावणाऱ्या गुजराती पुस्तकांसाठी बाजूला काढला गेला. सयाजी ज्ञानमंजूषा हे त्या मालेचं नाव. शास्त्रीय शब्दांचा अनेक भाषांतला एक मोठा कोशही गज्जरांनी हाती घेतला. त्यात गुजरातीबरोबर आपली मराठीही होती, संस्कृत, हिंदी, बंगालीही होती. एका प्रांतात तयार झालेला शब्द दुसऱ्या प्रांतातही चालावा, हा त्यामागचा हेतू.

सीमेवर राहणाऱ्यांना हा प्रश्न वेगळा समजवावा लागत नाही. एकच अवजार, पण गुजराती मिस्त्री त्याला डिसमिस म्हणतो, मराठी माणूस पेचकस म्हणतो आणि दुकानदार स्क्रू ड्रायव्हर म्हणतो. स्क्रूला जुन्या मराठीत मळसूत्री खिळा हा छान शब्द होता, आता आटे एवढाच शब्द शिल्लक आहे.

कलाभवन

जून १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं आणि गज्जर त्याचे प्रमुख झाले. रेखांकन, सुतारकाम, रंगाई, विणकाम, यंत्रकाम, स्थापत्य असे विषय एका छताखाली आले. शिकवणं मातृभाषेतून. सुताराच्या पोराने नुसता रंधा मारायचा नाही, आधी कागदावर आराखडा काढायचा, माप धरायचं, मग लाकडाला हात लावायचा. दुसरीकडे शिकलेल्या घरातल्या मुलाने हात मळवायला लाजायचं नाही. हे आज साधं वाटतं. तेव्हा ते साधं नव्हतं.

आपल्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनंतर याच कलाभवनात शिकले. फोटोग्राफीसारख्या तंत्राशी त्यांची ओळख इथेच पक्की झाली. चित्रकार, छायाचित्रकार, छपाईवाला आणि कारागीर हे सगळं एका माणसात कसं आलं, याचं अर्धं उत्तर बडोद्यात आहे.

सुतार वर्गात आज काय शिकवलं असतं?

गज्जरांची पद्धत कळायला आजचंच एक उदाहरण घेऊ. कलाभवन सुरू झालं तेव्हा लाकडाच्या स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ फट असायची. आज मिस्त्री त्याला मायनस म्हणतात. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतले असे स्क्रू जगभर जात. फटीचा दोष असा की पेचकस मध्यावर टिकत नाही, बाजूला सरकतो आणि पॉलिश केलेल्या फळीवर ओरखडा काढतो. त्याचा गुण असा की हाताने सावकाश काम करताना तो पुरेसा आहे, आणि फटीत रंग साचला तरी टोकदार अवजाराने खरवडून तो पुन्हा उघडता येतो. जुन्या सागवानी कपाटाच्या पितळी बिजागऱ्यांना म्हणूनच अजूनही तोच शोभतो.

गज्जर हयात असतानाच, १९०९ मध्ये, कॅनडाच्या पीटर रॉबर्टसन यांनी डोक्यात चौकोनी खळगा असलेल्या स्क्रूचं पेटंट घेतलं. पेचकस सटकून हात कापल्यावर त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. चौकोनात बिट घट्ट बसतो, स्क्रू बिटवरच टिकून राहतो आणि दुसरा हात फळी धरायला मोकळा राहतो. लाकूडकामाला तो उत्तम. पण फोर्ड कंपनीला हक्क देण्यावरून रॉबर्टसन यांचं जुळलं नाही आणि तो स्क्रू मुख्यतः कॅनडातच राहिला.

१९३० नंतर अमेरिकेतून हेन्री फिलिप्स यांचा प्लस आला. त्यात बिट आपोआप मध्यावर बसतो, त्यामुळे यंत्राने भराभर काम होतं. आपल्याकडे आज बहुतेक फर्निचर याच्यावर चालतं. पण जोर वाढला की बिट वर उचलला जातो आणि डोकं झिजतं. युरोपातून आलेल्या बिजागऱ्या आणि चॅनेल यांच्यासोबत येणारे स्क्रू पुष्कळदा दिसायला प्लस असतात, पण नीट पाहिलं तर चार पाकळ्यांच्या मधे चार बारीक रेघा दिसतात. तो पोझिड्राइव्ह. त्याला साधा प्लसचा बिट लावला की ढिला बसतो आणि डोकं खातो. हेटिश या जर्मन कंपनीचा फर्निचर फिटिंगचा कारखाना बडोद्यातच आहे, पण या चार रेघांचा अर्थ नव्या पोराला सांगणारा साइटवर असेलच असं नाही. दोन रुपयांच्या स्क्रूपायी हजारोंचं शटर पुन्हा उतरवावं लागतं.

सहा टोकांचा स्टार बिट सटकत नाही, म्हणून कठीण लाकडात लांब स्क्रू घालायचा तर तो चांगला. तो थोडा महाग आणि नेमका बिट जवळ हवा. सुटे भाग जोडून उभे करायचे पलंग-टेबल असतील, तर सहाकोनी ॲलन बोल्ट बरा, कारण तो पुन्हा पुन्हा खोलता येतो. आणि डोकं कुठलंही असो, सागवानात किंवा बाभळीत आधी गिरमिटाने किंवा ड्रिलने बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालू नये. पितळी असेल तर त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू आधी फिरवून आटे पाडून घ्यावेत आणि मग मेण लावून पितळी बसवावा. पितळ मऊ असतं, जोर केला की मान मोडते.

चांगल्या मिस्त्रीला यातलं बरंचसं हाताने माहीत असतं. प्रश्न एवढाच की ते दुसऱ्याला शिकवता येईल अशा रूपात, त्याच्या भाषेत, कुठे लिहिलेलं आहे का. गज्जरांचं पन्नास हजारांचं काम याच प्रश्नावर होतं.

बडोदा सुटलं

योजना मोठी होती, पण राज्यकारभार म्हणजे एकट्या महाराजांची मर्जी नव्हे. मधे अधिकारी होते, अंदाजपत्रक होतं. कारागिराला इतकं शास्त्र कशाला, त्याला काम येण्याशी मतलब, असं मानणारेही होते. मतभेद वाढत गेले. अखेर १८९६ मध्ये गज्जरांनी बडोदा सोडलं. कलाभवन चालू राहिलं, वाढलंही. पण सगळी शास्त्रं मातृभाषेत आणण्याचा जो मोठा पसारा त्यांनी मांडला होता, तो त्यांच्या मनासारखा पुरा झाला नाही.

ते मुंबईत विल्सन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. त्याच सुमारास मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं. ते काम चापेकर बंधूंचं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सरकारने ते डाग काढायची खटपट केली, पण डांबर दगडात मुरलं होतं. १८९८ मध्ये गज्जरांनी दगडाला धक्का न लावता ते डाग काढले आणि त्यांचं नाव सर्वतोमुखी झालं. राष्ट्रभक्तीच्या दृष्टीने या प्रसंगाकडे कसं पाहायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. रसायनाच्या दृष्टीने ही अवघड परीक्षा होती आणि एका हिंदी माणसाने ती पार केली, हा त्या वेळी मोठा बोलबाला झाला.

गिरगाव ते अलेंबिक

मग त्यांनी गिरगावात स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली. नोकरीपुरतं नव्हे, उद्योगासाठी रसायन शिकायचं असेल तर तिथे जायचं. त्यांच्या शिष्यांत दोन नावं पुढे आली. एक भाईलालभाई अमीन आणि दुसरे आपले मराठी कोटीभास्कर. गुरू आणि हे दोन शिष्य मिळून १९०७ मध्ये बडोद्यात अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी उभी राहिली. अलेंबिक म्हणजे अर्क काढायचं भांडं. ज्या गावातून गज्जर अकरा वर्षांपूर्वी बाहेर पडले होते, त्याच गावात त्यांच्या विद्येचा कारखाना झाला. बडोद्याच्या पश्चिमेला आज जो औषध आणि रसायन उद्योग पसरलेला दिसतो, त्याच्या सुरुवातीच्या पानावर हे नाव आहे. शिक्षणावर केलेला खर्च ताळेबंदात कुठल्या बाजूला लिहायचा, असा वाद कॉमर्सच्या वर्गात नेहमी होतो. बडोद्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे.

१९२० मध्ये गज्जर गेले. वय साठीच्या आतच.

काय उरलं

कलाभवन १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झालं. तिथली तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी शाखा ही त्याचीच पुढची पिढी. आता तिथे इंग्रजीतून इंजिनीअर घडतात. भाषेचं काम बडोद्याने नंतरही सोडलं नाही. १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी सयाजी शासन शब्दकल्पतरू निघाला, त्यात मराठीलाही जागा होती. पण तो कचेरीतल्या शब्दांचा कोश. कारखान्यातल्या आणि सुताराच्या बाकावरच्या शब्दांचं काम मागेच राहिलं.

बडोद्याहून तासा-सव्वा तासाच्या अंतरावर संखेडा आहे. तिथले खरादी-सुथार सागवान खरादावर फिरवून, लाखेच्या रंगात चकाकणारे पाळणे आणि खुर्च्या बनवतात. त्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय. माल परदेशात जातो. पण तिथलाही हुन्नर आजवर बहुतांशी बापाकडून पोराकडेच जातो, आणि पोराने दुसरा धंदा धरला की घरातलं ज्ञान तिथेच थांबतं.

आपल्या नंदुरबार, धुळे, जळगावकडची मुलं दहावी-बारावीनंतर आयटीआयला जातात, किंवा तेही न करता थेट एखाद्या ठेकेदाराच्या हाताखाली फर्निचरच्या साइटवर उभी राहतात. त्यांची बोटं हुशार असतात. बिट सटकला तर तो का सटकला, लाकूड काळं पडलं तर ते कशाने पडलं, हे त्यांना कुणीतरी मराठीत, आहिराणीत, गुजरातीत, जी जवळची असेल त्या भाषेत सांगायला हवं. जे जुने मिस्त्री अजून कामावर आहेत, त्यांच्याकडून हे लिहून घ्यायचं काम आज कुठल्याही आयटीआयला किंवा सुतार समाजाच्या मंडळाला हाती घेता येईल. त्याला पन्नास हजारही लागणार नाहीत.